घाटात बंब जाणार नाही

ओटिलियाचा गहू जळला तेव्हा गावाचा बंब ओटिलियाच चालवत होती. ह्यावर हसावं की गप्प बसावं, हे लोमा सेकातल्या लोकांना बरेच दिवस ठरवता आलं नाही. आमच्या गावाला हसायची खोड जास्त. दुकानात पीठ घ्यायला गेलेल्या तिच्या सासऱ्याला, म्हाताऱ्या बेर्नाबेला, कुणीतरी विचारलंच, की सुनेनं सगळं पाणी घाटातच ओतलं का. म्हातारा पीठ न घेताच घरी परतला.

घडलं ते असं. आमच्याकडं जानेवारी म्हणजे भर उन्हाळा. त्या तापलेल्या उन्हात राउलीच्या घाटात एक पिकअप कठड्यावर आदळली. भोंगा वाजला. आमच्याकडं बंबाचं पथक म्हणजे गावातलीच माणसं, सगळी बिनपगारी. भोंगा झाला की हातातलं काम टाकायचं आणि पळायचं. ओटिलिया पूर्वी वखारीवर ओंडक्यांचे ट्रक चालवायची, म्हणून बंबाची चावी तिच्याकडं. ती शेताच्या बांधावरून तशीच पळाली. पिकअपमधल्या बाईचे पाय पत्र्यात अडकले होते. हाऊजी खेळून आणि एम्पानादा, म्हणजे खिम्याच्या करंज्या, तळून विकून गावानं पत्रा कापायची मोठी कात्री घेतली होती. ती लावून पत्रा कापणं चाललं होतं, तेवढ्यात खाली धूर दिसला. आधी पांढरा, मग काळा. घाटातून सगळं गाव दिसतं, त्यामुळं रान कुणाचं पेटलंय हे ओटिलियाला विचारावं लागलं नाही. पण कात्री अर्ध्या पत्र्यात होती, आणि त्या बाईनं तिची बाही धरून ठेवली होती. बंब खाली पोचला तोवर ओढ्याकाठची एक पट्टी सोडून उभा गहू गेला होता.

बाईला अँब्युलन्स घेऊन गेली. ती जगली का मेली, कुणी कळवलं नाही. कधीच कुणी कळवत नाही.

उरलेली पट्टी कापायला घरातली तिघं विळे घेऊन उतरली. वारा आला की वरच्या रानातली राख उडायची आणि घामावर बसायची. पुढं ओटिलियाचा नवरा रोसामेल, त्याच्या मागं ती, आणि पेंढ्या बांधत म्हातारा. रोसामेल तसा बडबड्या गडी, गाढव भेटलं तरी चार गोष्टी बोलून पुढं जाणारा. पण आग लागल्यापासून बायकोशी तो फक्त कामापुरतं बोलत होता. विळा दे, पाणी दे, तिकडून धर. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

म्हाताऱ्यानं एक पेंढी बांधली, तिच्यावर बसला आणि विचारलं, "वळखीची व्हती का गं ती बाई?"

"न्हाई."

"बरं." त्यानं नाकातली राख शिंकरून टाकली. "म्हंजी वळखीच्या नसलेल्या बाईपायी आपन यंदा पाव खानार न्हाई. मला आपलं समजून घ्यायचं व्हतं."

"बाबा, गप बसा," रोसामेल म्हणाला. मग कंबर सरळ करून त्यानं पहिल्यांदा बायकोकडं बघितलं. डोळे राखेनं लाल झालेले. "मी तुला बंब सोड म्हनत न्हाई. आगीला जा. जेवनावरनं उठून जा, मी काय बोलनार न्हाई. पन घाट आपला न्हाई ओटिलिया. रस्ता सरकारचा, गाड्या शहरातल्या, अँब्युलन्स बी सरकारची. आपला काय तो गहू व्हता."

"आन् अँब्युलन्स येस्तवर?"

"येस्तवर त्येंचं नशीब."

विळ्याची मूठ घामानं घसरत होती, ती ओटिलियानं स्कर्टला पुसली आणि पुन्हा वाकली.

हेच बोलणं त्या आठवड्यात घरोघर चाललं होतं. पाऊस तीन वर्षं धड झाला नव्हता. टेकड्यांवरच्या पाईनच्या लागवडी वाळून सरपण झालेल्या. बंब एकच. तो घाटात असताना ठिणगी पडली तर काय, हा प्रश्न ओटिलियाच्या गव्हानं सगळ्यांच्या दारात आणून ठेवला. रविवारी कॅप्टन सेर्दानं पथकाची सभा बोलावली. सेर्दा माणूस वाईट नव्हे. शाळेत शिपाई होता, आणि गणवेश घातला की जरा ताठ चालायचा एवढंच. त्यानं मांडलं की पाऊस लागेपर्यंत बंब फक्त आगीला जाईल. अपघाताला भोंगा वाजणार नाही, फोन करून अँब्युलन्स बोलवायची आणि आपण जागा सोडायची नाही. पथकातला सगळ्यात जुना माणूस सेलेदोनियो उठला. तो म्हणाला, माणूस पेटलेला नाही, नुसता रक्तबंबाळ आहे म्हणून त्याला सोडायचं, असं आपण शपथ घेताना कुठं म्हणालो होतो? त्यावर कुणीतरी बोललं, सेलेदोनियोकडं ना गहू ना गवत, त्याला काय जातंय. सेलेदोनियो खाली बसला. खरंच त्याच्याकडं काही नव्हतं.

मग सगळे ओटिलियाकडं बघायला लागले. तिनं गळ्यातली बंबाची चावी शर्टाच्या आत सारली.

आमच्या पथकात मत घेवड्याच्या दाण्यांनी टाकतात. प्रत्येकाला एक पांढरा आणि एक काळा. एक हेल्मेटात टाकायचा, दुसरा खिशात. पांढरा म्हणजे पूर्वीसारखं सगळीकडं जायचं, काळा म्हणजे फक्त आगीला. हेल्मेट ओटिलियाकडं आलं तेव्हा तिनं मूठ आत घातली आणि बराच वेळ बाहेर काढली नाही. शेजारच्यानं कोपरखळी मारून विचारलं, अंडं उबवतेस का. लोक हसले. तिनं दाणा सोडला.

काळा एक जास्त निघाला. ज्यानं ज्यानं काळा टाकला होता त्याला त्याला वाटलं, आपल्याच दाण्यानं झालं.

निकाल रोसामेलला रस्त्यातच कळला होता. त्या संध्याकाळी त्यानं स्वतः चहा केला. भाजलेल्या पिठात साखर आणि पाणी घालून बापाला दिलं, बायकोला दिलं, आणि शेजाऱ्याच्या बकरीची काहीतरी गंमत सांगायला लागला. म्हातारा हसला. ओटिलियाही हसली. एवढ्या दिवसांनी घर घरासारखं झालं होतं, आणि ते कशाच्या बदल्यात झालं हे तिला ठाऊक होतं. तिनं आपली पिठाची वाटी म्हाताऱ्यापुढं सरकवली.

मळणी त्या वर्षी फार मोठी नव्हती. एरवी खळ्यावर घोड्या सोडल्या की अर्धं गाव येतं, दारू असते, गिटार असते. ह्या वेळी उसन्या आणलेल्या चार घोड्या, मधे चाबूक घेऊन रोसामेल, कडेला दाताळं घेऊन ओटिलिया. वारा दक्षिणेचा सुटला होता, कोरडा. घोड्या गोल फिरत होत्या, ओंब्या खुरांखाली फुटत होत्या. दुपार कलायच्या आत घाटातून आवाज आला. आधी ब्रेकचा लांब, मग एक दणका, आणि त्याच्यामागून लाकडी खोकी घरंगळल्याचा.

रोसामेलचा चाबूक वर होता तो वरच राहिला. आम्ही सगळे आपापल्या दारात आलो. कुणी घाटाकडं बघितलं नाही. सगळ्यांनी बंबघरावरच्या भोंग्याकडं बघितलं. भोंगा वाजला नाही.

ओटिलियानं कॅप्टनला फोन लावला. त्यानं सांगितलं की अँब्युलन्सला कळवलंय, ती निघालीय. मग जरा थांबून म्हणाला, "वारा बघतीयस न्हवं? ठरलंय ते ठरलंय. तू बी व्हतीस सभेत."

तिनं दाताळं खाली टाकलं. घरात जाऊन चादर आणि पाण्याची बाटली घेतली. रोसामेल वाटेत उभा होता.

"चालत जातीय," ती म्हणाली. "चालत जायला बंदी न्हाई."

तो बाजूला झाला.

पीच भरलेला छोटा ट्रक खडकात घुसला होता. रस्ताभर फळं. चालवणारा तिशीचा असेल, अंगावर निळा शर्ट. स्टिअरिंग छातीला भिडलेलं आणि पाय दिसतच नव्हते, तिथं नुसतं लोखंड होतं. पण तो शुद्धीत होता. तिनं त्याचं तोंड पुसलं, थोडं पाणी ओठांना लावलं. त्यानं तिचा हात धरला. त्यानं तिच्या शर्टावरचं पथकाचं चिन्ह पाहिलं. मळणीला तिनं पथकाचाच जुना शर्ट घातला होता.

"बंब येतोय ना?" त्यानं विचारलं.

"येतोय," ती म्हणाली.

चावी तिच्या गळ्यात होती. कात्री खाली बंबात होती, आणि बंबघराचं लाल छप्पर तिथून असं दिसत होतं की वर कोणती कोंबडी चालतेय तेही कळावं. पळत खाली, बंब काढायचा, परत वर. ती उठायला गेली तर त्यानं हात घट्ट केला. पलीकडच्या टेकडीवर काहीतरी भुरकट उठलं होतं. धूर की धूळ, ते तिला कळेना. खळ्यावर उरलेल्या गव्हाची रास होती. बंब वर आणला आणि तिकडं ते पेटलं, तर घरात पाय कसा ठेवायचा? माणसानं हात सोडला नाही म्हणून ती गेली नाही, की रासेसाठी गेली नाही, हे तिला तेव्हाही कळलं नाही आणि पुढंही कधी कळलं नाही. भुरकट होतं ती धूळच निघाली.

तो मधूनमधून विचारत राहिला. ती येतोय म्हणत राहिली. मग त्यानं विचारायचं थांबवलं. अँब्युलन्स त्याच्यानंतर आली.

ती खाली आली तेव्हा खळ्यावर घोड्या नुसत्या उभ्या होत्या. रोसामेलनं तिच्या रक्तानं भरलेल्या बाह्या बघितल्या आणि बादलीभर पाणी काढून दिलं. त्या दिवशी मळणी पुढं झाली नाही.

रस्त्यावर कुणी अचानक मेला की त्या जागी आम्ही त्याच्या आत्म्यासाठी एक बारकंसं घर बांधतो. खुराड्याएवढं, दार असलेलं, आत मेणबत्ती. घरच्यांनी बांधायचं असतं, पण ह्याच्या घरचे कोण, कुठले, कुणाला ठाऊक नव्हतं. ते घर रोसामेलनं बांधलं. कुणी सांगितलं नव्हतं. चार दिवस तो संध्याकाळी फळ्यांना रंधा मारत बसला, उताराचं छप्पर केलं, वर पत्रा ठोकला. म्हातारा म्हणाला, एवढं चांगलं छप्पर आपल्याबी घराला न्हाई. रोसामेलनं पत्र्यावर आणखी एक खिळा ठोकला. घर घाटात नेऊन ठेवलं, पण मेणबत्ती लावता आली नाही. पाऊस लागेपर्यंत उघड्यावर काडी ओढायची नाही, हा कॅप्टनचा हुकूम होता. तेवढा हुकूम तरी बरोबरच होता. मेणबत्ती कलंडली की खालचं सगळं गवत पेटणार.

फेब्रुवारी संपत आला तेव्हा बसमधून एक बाई उतरली. काळा कोट, त्या उन्हातही बटणं लावलेली. ती दुकानात विचारत आली की घाटातलं घर कुणी बांधलं. नाव नोल्फा, ट्रकमध्ये मेलेल्या येर्कोची आई. लोकांनी तिला रोसामेलकडं धाडलं.

ओटिलियानं तिला सावलीत बसवलं, भट्टीतला ताजा पाव कापून पुढं ठेवला. त्याच उरलेल्या गव्हाचा पाव. नोल्फाबाई थोडं थोडं मोडून खात होती. तिनं रोसामेलचे हात हातात घेऊन आभार मानले. अनोळखी पोरासाठी तुम्ही एवढं केलंत, म्हणाली. रोसामेलला कुठं बघावं कळेना. मग तिनं विचारलं, येर्को लगेच गेला का. ओटिलिया म्हणाली, लगेच नाही. बोलत होता.

"खाली बंबघर दिसलं मला," नोल्फाबाई म्हणाली. "बंब तेव्हा कुठं होता?"

ओटिलियाच्या हातात सुरी होती. ती पावावर तशीच थांबली.

"आगीला गेला व्हता," रोसामेल म्हणाला. "लई लांब. पलीकडं."

"मग काय करणार," नोल्फाबाई म्हणाली. "आग ती आग." तिनं मान हलवली. त्या उत्तरानं तिच्या मनावरचं ओझं थोडं हललंसं दिसलं. उरलेला पाव तिनं रुमालात बांधून घेतला.

मग तिनं पिशवीतून मेणबत्ती काढली. एकच, जाड, घरून आणलेली. म्हणाली, एवढी लावून मी संध्याकाळच्या बसनं जाते. रोसामेलनं बंदीचं सांगितलं तेव्हा तिनं वाद घातला नाही. मेणबत्ती मांडीवर घेऊन नुसती बसली. ते बघवेना म्हणून तो सेर्दाकडं गेला. सेर्दानं टोपी काढून डोकं खाजवलं. मग त्याचा चेहरा उजळला. त्याला वाट सापडली होती. बंब शेजारी उभा करा, म्हणाला, पाइप सोडून ठेवा, मग लावू दे बाईला. हे आगीचं काम आहे, नियमात बसतं.

असा बंब घाटात निघाला. ओटिलिया चालवायला, शेजारी नोल्फाबाई मेणबत्ती छातीशी धरून, मागं पाइपाशी रोसामेल. आम्ही दारात उभे राहून बघत होतो आणि त्या दिवशी कुणालाच विनोद सुचला नाही. ओटिलियानं बंबघरातून गाडी काढली, चर्च मागं टाकलं, पुलावरून घेतली, दुसऱ्या गिअरमध्ये चढ चढून एक वळण घेतलं आणि थांबवली. नोल्फाबाई बसूनच राहिली. तिला वाटलं वाटेत काही आडवं आलंय.

"उतरा, बाई," ओटिलिया म्हणाली.

"पोचलो?"

"हो."

"एवढ्यात?"

ती उतरली. छोट्या घराकडं तिनं आधी बघितलं नाही. वळून खाली बघितलं. लाल छप्पर, उघडं दार, दारात उभा कॅप्टन, सगळं स्पष्ट दिसत होतं.

ओटिलिया बंबाला टेकून उभी होती. "बंब लांब गेला न्हवता," ती म्हणाली. "तिथंच व्हता. चावी ही अशी माझ्या गळ्यात व्हती. घाटात जायचं न्हाई असं आमी ठरवलं व्हतं. मत घेतलं, त्यात मी बी काळा दाना टाकला. तुमचा पोरगा इचारत व्हता बंब येतोय का. मी येतोय म्हनत व्हते."

हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. रोसामेलनं पाइप खाली ठेवला आणि पुढं आला. बायकोची बाजू घ्यायची होती, की स्वतःची, त्याला नीट सांगता आलं नसतं.

"बाई, तिचा दोष न्हाई," तो म्हणाला. "मीच तिला म्हनालो व्हतो, जाऊ नको. आमचा गहू जळला व्हता. सगळा उभा गहू. बंब असाच घाटात आला व्हता, आन् खाली..." त्यानं हातानं शेत दाखवलं. काळं रान तिथून चांगलं दिसत होतं.

नोल्फाबाईनं त्याच्या बोटाच्या दिशेनं बघितलं. बराच वेळ ती त्या रानाकडं बघत राहिली, तिला खरंच नीट बघायचं असावं तसं. ती ओरडेल, थुंकेल, हातातलं फेकून मारेल, असं दोघांना वाटत होतं. दोघं तेवढं सोसायला उभे होते.

"इकडं गहू परत कधी पेरतात?" तिनं विचारलं.

रोसामेलला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. पण ती उत्तराची वाट बघत होती.

"पाऊस लागला की," तो म्हणाला. "मे महिन्यात."

"मे महिन्यात," ती म्हणाली.

मग ती छोट्या घरापाशी गुडघ्यांवर बसली आणि तिनं मेणबत्ती आत उभी केली. काडी ओढायला गेली पण काड्या मोडत होत्या. तिनं मागं न बघता पेटी वर धरली. रोसामेलनं ती घेतली, काडी ओढून वात पेटवली, आणि टोपी काढून वाऱ्याच्या बाजूला आडवी धरली. मेणबत्ती जाड होती. ती संपेपर्यंत तो तसाच वाकून टोपी धरून उभा होता.